कापसातल्या उंच टाचा

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. बुवा येईपर्यंत टाळ मांडीवर ठेवा आणि एक गोष्ट ऐका. देवादिकांची नाही, वणीजवळच्या एका तांड्यातली आहे. पण ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, हिला कीर्तनात जागा मिळायला हवी होती.

सन दोन हजार सहा सरत आलं होतं. कापसाचा भाव पार बसलेला. चढेल या आशेवर जो तो कापूस घरात भरून वाट पाहत होता. त्या तांड्यातल्या डोंगरसिंगाच्या घरीही मागच्या खोलीत छातीभर ढीग होता. भाव पडो की चढो, आपल्या कापसाला कोणी नाव ठेवता कामा नये, एवढाच त्याचा अभिमान. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही व्हायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. घरात आलेल्या कापसात पाय ठेवायचा तो धुऊन, हात जोडून. खोलीत जागा व्हावी म्हणून ढीग तुडवून दाबावा लागे. ते काम दरवर्षी सुखीबाईचं. गावातली वेचणारी बाई, अंगानं हलकी, पायानं घट्ट.

डोंगरसिंगाची मुलगी उज्ज्वला वणीला कॉलेजात शिकत होती. स्नेहसंमेलनाच्या नाचात बुटकी म्हणून मॅडमनी तिला मागच्या रांगेत टाकलं. म्हणाल्या, "उंच चपला घालून येत असशील तर पुढं घेते." पोर थेट हुस्नाबीच्या चपलांच्या दुकानात गेली.

हुस्नाबीनं आधी विचारलं, "नाचायचं आहे का नुसतं मिरवायचं?"

"नाचायचं आहे, खाला."

"मग ही बारीक टाचेची ठेव तिकडं. पहिल्याच गिरकीत घोटा मुरगळन, अन् मले शिव्या देशीन. ही घे. टाचेखाली जाड, पंजाखालीही जाड. तळवा आडवाच राह्यते. अन् पट्टा घोट्याले बांधता आला पाह्यजे, नाहीतर तू इकडं अन् चप्पल लोकाइच्या डोक्यावर."

जोड काळा होता, पण उन्हात राहून बाजूचा रंग उडालेला. हुस्नाबीच्या मुलानं, कय्युमनं, तिथंच काळा रंग फासला आणि बजावलं, "दोन दिवस वाळू दे. तोवर पायात घालू नको."

दोन दिवस कोण थांबतं? दुसऱ्याच दिवशी दुपारी याडी, म्हणजे आई, अन् बा शेतात गेल्यावर उज्ज्वला अंगणात उभी राहिली आणि तिसऱ्या पावलाला गोठ्याच्या मेढीला मिठी मारून बसली. वेचलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन आलेली सुखीबाई हसून हसून खाली टेकली.

"काय व पोरी, कोणाच्या लग्नात कोसळाची तयारी चालू आहे?"

"हसू नको ना मावशी. चालून दाखव म्हणते मॅडम."

"पायाकडं काहून पाह्यतं? डोक्यावर घागर असली का बाई खाली पाह्यते काय?" तिनं खरंच रिकामी घागर आणून पोरीच्या डोक्यावर ठेवली. "आता समोर पाह्य. गुडघे ढिले सोड. पहिले टाच नको आपटू, पूर्ण पाऊल ठेव. घाई नको करू, मागं वाघ नाही लागला."

चार फेऱ्यांत चाल आली. पण गिरकी येईना. अंगणात पडली की कोपर फुटे, आणि शेजारची मानीबाई कुंपणावरून पाहून विचारी, "हा कोणता नवीन देव अंगात आला?" सुखीबाई परत वेचायला गेली, तेव्हा उज्ज्वलेला मागची खोली आठवली. तिथं पडलं तरी लागणार नाही. कोणी पाहणार नाही.

दारात ती क्षणभर थांबली. हात जोडायला उचललेही. पण पायात चपला असताना हात कसे जोडायचे, म्हणून तिनं ते खाली घेतले आणि तशीच ढिगावर चढली. गिरकी घेतली, पडली, हसली, पुन्हा उठली. तीन दुपारी असंच. गिरकी बसली.

भाव काही चढेना, म्हणून पुढच्या सोमवारी डोंगरसिंग गाडी भरून खरेदी केंद्रावर गेला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं हात खुपसून मूठभर कापूस काढला, तर त्यावर काळे फरांटे. पुन्हा काढला, पुन्हा तेच. चार शेतकऱ्यांसमोर म्हणाला, "डोंगरसिंग, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." कापूस खालच्या ग्रेडला गेला. डोंगरसिंग परतला तो थेट अंगणात पाय धूत असलेल्या सुखीबाईपुढं उभा राहिला.

"सुखीबाई, कापूस तुडवताना पायात काय होतं?"

"पायात काय राह्यन, बापू?"

"मंग हे काळं कायचं?" त्यानं खिशातली मूठ पुढं केली.

सुखीबाईनं ते काळं बोटावर घासलं. मग दाराशी उभ्या उज्ज्वलेकडं पाहिलं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाला कळलं तर नाच गेला, कॉलेजही गेलं.

"असन, बापू," सुखीबाई म्हणाली. "माह्याच पायाचं असन."

"उद्यापासून येऊ नको."

उज्ज्वला पुढं आली नाही मायबापहो, दाराआड सरकली. संमेलन शनिवारी होतं. शनिवारनंतर सांगू, असं तिनं मनाला समजावलं.

शनिवारी ती पुढच्या रांगेत नाचली. पाऊल पूर्ण ठेवलं, गुडघे ढिले, नजर समोर. टाळ्या पडल्या. मॅडमनी पाठ थोपटली. आणि तिला वाटलं, ही शाबासकी आपली नाहीच. घरी येऊन ती जेवली नाही. याडीनं डोक्याला हात लावला, ताप नव्हता.

रविवारी सकाळी तिनं चपला बाच्या पुढ्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं. आता मार बसेल, असं तिला वाटत होतं. डोंगरसिंगानं चप्पल उलटी करून पाहिली, कडेचं काळं नखानं खरवडलं. कापसाचे तंतू अजून चिकटलेले होते.

"सुखीबाईनं हात जोडून सांगतलं असतं, तरी मी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "चाल."

सुखीबाईच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "तांड्यात कोणी कामाले बोलवेना. मुकुटबनले बहिणीकडं गेली वेचाले." बापलेक एसटीनं मुकुटबनला गेले, विचारत विचारत शेतावर पोहोचले. डोंगरसिंगानं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चपला काढल्या आणि सगळ्या वेचणाऱ्या बायांसमोर मोठ्यानं म्हणाला, "डाग माह्या पोरीचा होता. या बाईले मी खोटं ठरवलं."

उज्ज्वला पाया पडायला वाकली. सुखीबाईनं तिला वरच धरलं. विचारलं, "पडली तं नाही ना नाचताना?"

"नाही."

"मंग झालं."

"वापस चाल ना, मावशी."

सुखीबाईनं ओटीतला कापूस सारखा केला. "भेटाले येईन, माय. वेचालेही येईन. पण तुमच्या खोलीत आता पाय नाही ठेवणार. मले राग नाही आला. पायच उचलणार नाही."

आणि तसंच झालं. ती आली, वेचून गेली, पण कापूस तुडवायला पुढं उज्ज्वलाच उतरायची. पाय धुऊन, हात जोडून. ढिगात गुडघ्याइतकी रुतली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते तिनं कधी थांबवलं नाही.

बुवा आले वाटतं. टाळ घ्या हाती. एवढंच मागणं आहे मायबापहो, शेवटी हात जोडाल तेव्हा मुकुटबनच्या वाटेला लागलेल्या सुखीबाईची एकदा आठवण करा.