पडद्याआडून तीनदा ऐकलेला बाजा

मित्रांनो, मी एक जुना पितळी बाजा आहे. बँडवाले मला युफोनियम म्हणतात. वय पस्तीस, पोटाला दोन पोचे. एवढ्या आयुष्यात मी पुष्कळ पाहिलं, पण गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी जे घडलं, त्याने माझी वाचाच बसली होती. आज कुठे सांगायचं धाडस करतोय.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या कारागिरांनी पत्रा ठोकून, जाळावर वाकवून मला घडवलं. मग चाकणच्या एका कंपनीने कामगारांच्या हौशी बँडसाठी मला आणलं आणि पाठीवर पांढऱ्या रंगात ‘७’ हा आकडा घातला. सुरुवातीला मी या हातातून त्या हातात फिरलो. एक वर्ष तर कपाटात पडून माझ्या नळीत कोळ्याने घर केलं. मग रोहिदास आला.

रोहिदास पुनावळ्याचा, कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला कामगार. शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी तो माझ्याकडे यायचा. चिंचेच्या कोळाने मला घासायचा. खरं सांगू? तो काही मोठा वादक नाही. वरच्या सुरावर चाचपडतो, लांब ओळीत त्याचा दम संपतो. पण एकोणीस वर्षांत त्याने एकही सराव चुकवला नाही, आणि मला तो मनापासून आवडतो.

दरवर्षी चिंचवडला कामगारांच्या हौशी बँडची स्पर्धा असते. नियम एकच कडक: वाजवणारा कंपनीचाच हवा, धंदेवाईक चालणार नाही. परीक्षक आबाजी मास्तर, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. ते स्टेजवरच जाड पडदा लावून आत बसतात. कुठला बँड वाजतोय ते त्यांना दिसत नाही, फक्त चिठ्ठीचा नंबर कळतो. यंदा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, पहिल्यांदाच रोहिदासच्या वाट्याला आला होता. डिसेंबरात तो रिटायर होणार. त्याआधी एकदा, फक्त एकदा, मास्तरांच्या तोंडून आपल्या वाजवण्याचे गुण ऐकायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

आदल्या दिवशी बँडचा सेक्रेटरी धनेश आला. म्हणाला, “रोहिदासभाऊ, राग मानू नका राव. पाच वर्षं आपण चौथे येतोय. यंदा सोलो समाधान वाजवंल. लग्नाच्या बँडमधला आहे, एक नंबर. यादीत नाव तुमचंच राहील.”

“म्हंजी मी काय करायचं?”

“हॉलमध्ये मागं बसायचं.”

मला वाटलं, आता रोहिदास भांडेल. तो फक्त ‘बरं’ म्हणाला आणि अंगातला बँडचा लाल कोट काढून ठेवला. मित्रांनो, मला त्याचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी समाधानने तो लाल कोट चढवला, टोपी कपाळावर ओढली. माझ्या भोंग्याआड त्याचा चेहरा जवळजवळ झाकला गेला. त्याने फुंकर घातली. सांगायला लाज वाटते, पण मी जन्मात इतका सुरेख वाजलो नव्हतो.

खरा धक्का पुढेच होता. वाजवून झाल्यावर समाधान मला घेऊन मागच्या दाराने निघाला. लाल कोट पिशवीत घातला, हिरवा काढून अंगात चढवला आणि दुसऱ्या कंपनीच्या बँडमध्ये जाऊन बसला. मला घेऊन! तिथला सोलो झाला. मग निळा कोट, तिसरी कंपनी; वाजवून झाल्यावर त्याने मला तिथल्याच पेटीत ठेवून दिलं. मी हबकलो. तिन्ही कंपन्यांनी एकमेकींपासून लपवून एकच माणूस आणला होता.

निकालाची वेळ झाली. पडदा सरकला. मास्तरांचा चेहरा आनंदाने फुलला होता. “सोलोला तिघांना सारखेच गुण, शहाण्णव! तिघंही एकाच जागी श्वास घेतात. एकाच गुरूचे शिष्य दिसतात. वर या, मला समोर बसून ऐकायचंय.”

सोलोत जो पहिला येईल त्याला मास्तरांसमोर वाजवावं लागतं, हे धनेशच्या ध्यानातच नव्हतं. आमच्यावर ती वेळ कधी आलीच नव्हती ना!

यादीतले तिघे स्टेजवर आले. रोहिदासचे हात रिकामे. तिसऱ्या कंपनीच्या माणसाने आपली पेटी उघडली, तर आत मी, पाठीवर सात आकडा मिरवत.

“आरं, ह्यो तर आमचा बाजा हाय!” रोहिदास बोलून गेला.

मग तिन्ही सेक्रेटरी एकमेकांवर ओरडू लागले. समाधान दाराशी निळ्या कोटात वडापाव खात उभा होता. म्हणाला, “मला तिघांनी बोलावलं, मी तिघांकडं वाजवलं. तुमचा नियम मला कुणी सांगितला का?”

मास्तर स्टेजच्या कडेला बसले. “कुणाकडे झुकू नये म्हणून मी पडद्याआड बसतो. तुम्ही मलाच आंधळा केलात.” त्यांनी तिन्ही बँड बाद केले.

तेव्हा रोहिदास पुढे झाला. “मास्तर, मी मगाशी वाजवलंच न्हाई. कोट काढून दिला, ती माझी चूक. बक्षीस नगं. पन मी आता रिटायर हुतोय. एकदा माझं ऐकून गुण सांगा.”

मागे कुणीतरी हसलं. मास्तर उठले, आत जाऊन बसले आणि पडदा ओढून घेतला.

रोहिदासने मला उचललं. वरचा सूर फाटला. दोनदा दम संपला. मी जीव तोडून साथ दिली, पण त्याच्या छातीत नाही ते मी कुठून आणू?

पडदा सरकला. “एक्केचाळीस,” मास्तर म्हणाले.

“शंभरातलं?”

“शंभरातले.”

रोहिदासने मास्तरांनी लिहिलेला गुणांचा कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि हसला. मी इतकी वर्षं त्याच्यासोबत आहे, पण तसा हसताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. शहाण्णव गुण त्या दिवशी कुणाच्याच घरी गेले नाहीत. एक्केचाळीस मात्र पुनावळ्याला गेले.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना जपा, म्हणजे नुसतं घासूनपुसून ठेवू नका. यादीत ज्याचं नाव असेल, त्याच्याच हातात आम्हाला द्या. वरचा सूर फाटला तरी फाटू द्या.