नागिणीनंतर

सावळेराम पाटलांनी गोठ्यामागचं भांगेचं झाड दोन्ही हातांनी ओढलं, तशी मुळं मातीसकट वर आली. ते गावचे पोलीस पाटील. झुंबरबाई मागल्या दारात उभी राहून बघत होती. डाव्या बरगडीला लुगडं लागू नये म्हणून तिनं पदर हातानं उचलून धरला होता.

अंगावर नागीण उठली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग राहिली. डॉक्टर म्हणाले, शिरा दुखावल्यात, वयाला होतं असं. त्यांच्या गोळ्यांनी नुसती चक्कर यायची. शेवटी भीमाशंकरच्या वाटेवरल्या एका बैराग्याचं ऐकून ती पाला दुधात उकळून घेऊ लागली. दुखणं गेलं नाही, पण लांब सरकलं. तिला झोप लागू लागली. सून आरती मात्र धुसफुसायची.

"बंदीय मावशी, झाड लावायला," पाटील म्हणाले.

"शिवरातीला देवळात घोटता, तवा कुठं जाती बंदी?"

"त्यो परसाद."

"तुमी पिऊन नाचता त्यो परसाद, आन मी पिऊन निजते त्यो गुन्हा?"

पाटलांनी झाड खांद्यावर टाकलं. घराला वळसा घालून ते पुढं गेले आणि झाड मोटारसायकलला बांधू लागले.

झुंबरबाई आत आली. आरती चुलीपाशी होती.

"त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

झुंबरबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"बोभाटा झाला व्हता, आत्या. पोलिसांची गाडी आली आसती तर तुमालाच नेलं आसतं." आरतीनं उतरंडीतलं मडकं काढलं. आत वाळलेला पाला होता. "पाटलांना सांगायच्या आदी निम्मं झाड खुडून ठिवलं."

चुलीवरचं दूध हिरवट झालं होतं. आरतीनं ते गाळून पेल्यात ओतलं.

"हितंच प्या. म्होरलं दार लावून घेते."

झुंबरबाईनं पेला उचलला आणि सरळ दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. पाटील किक मारत होते. वास आला तसं त्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून तिनं घोट घेतला. मग दुसरा. गाडी सुरू झाली आणि पाटील खाली मान घालून निघून गेले.

"आत्या, आत या," आरती दाराआडून म्हणाली.

"न्हाई. हितं बरं हाय."

थोड्या वेळानं आरतीही बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली.