न पळणारा घोडा

मी घोडा बोलतोय. खिंकाळणारा नव्हे; मला तोंड नाही, आयाळ नाही, शेपूटही नाही. चार लोखंडी पाय, त्यावर काथ्या भरलेलं लाकडी धड आणि वरून चामडं. गुलटेकडीच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत मी उभा असायचो. मुली धावत यायच्या, माझ्या पाठीवर हात टेकायच्या आणि मला ओलांडून पलीकडच्या गादीवर उतरायच्या. मार्केट यार्डातून मिरचीचा खाट आला की निम्म्या मुली शिंकतच उड्या मारायच्या.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. खोक्यावर इंग्रजीत 'हॉर्स' लिहिलेलं होतं. शाळेच्या शिपायानं खोकं उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "अहो, मुंडकं द्यायचं विसरले वाटतं!" तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझं नाव मला पटत नव्हतं.

ते पटवलं चैतालीताईनं. सकाळी कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. करायचं आणि संध्याकाळी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचं, असा तिचा दिवस. एकदा त्या मुलींतल्या अरिबानं विचारलं, "ताई, हा कुठल्या अँगलनं घोडा आहे?"

"इंग्रज लोक हे नाव फार सढळ हातानं वाटतात गं," ताई म्हणाली. "सुतार लाकूड ठेवून कापतो ती घोडी, ती हॉर्स. कपडे वाळत घालायचा स्टँड, तोही हॉर्स. मोटारीची ताकद मोजायची तीसुद्धा घोड्यांत. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं तो अचानक जिंकला, तर तो काळा घोडा, डार्क हॉर्स."

"म्हणजे आमची उम्मेहानी!" उत्कर्षा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी मात्र दिवसभर त्या यादीवर विचार करत राहिलो. त्यातले निम्मे तर पळतच नाहीत! नुसते उभे राहतात आणि दुसऱ्याचा भार घेतात. मग मी कुठे कमी आहे? त्या दिवसापासून मी छाती काढून उभा राहू लागलो.

मुली हसल्या, कारण उम्मेहानी जिंकणं सोडाच, उडीच मारत नव्हती. ती सगळ्यांत जोरात धावायची आणि माझ्यापाशी येऊन थांबायची. दोन्ही तळवे माझ्यावर, आणि पाय जमिनीला खिळलेले. खरे घोडे अडतात म्हणे. इथे घोडा जागेवर होता, स्वारच अडत होता. माझ्या पाठीवरचं चामडं एका जागी उसवलं होतं. तिथे तिचा हात सटकला होता आणि ती मनगटावर पडली होती. मनगट बरं झालं. पण धावताना तिची नजर त्या भोकावरून हटेना.

मग एका शनिवारी शाळेचे सचिव आले. "मॅडम, इथे कॉम्प्युटरची खोली होणार. हा घोडा सोमवारी भंगारात. स्पर्धेत आता उडीसाठी रुंद टेबल आलंय, घोडा चालत नाही."

"सर, तो कधीच चालत नव्हता," ताई म्हणाली. "उभा राहतो, म्हणून तर उपयोगाचा."

"उभं राहायला जागा लागते, मॅडम."

उम्मेहानी कोपऱ्यात ऐकत होती. सोमवारनंतर ती कशावरून उडी मारणार होती?

रविवारी तिचे वडील अमीनभाई दाभण, दोरा आणि जाड कॅनव्हास घेऊन आले. त्यांचं गाद्या-कुशनचं दुकान. ती म्हणाली, "अब्बू, उद्या तर हा भंगारात जाणार."

"मग? जाताना फाटका जावा का?"

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. संध्याकाळपर्यंत माझं कातडं नवं झालं.

सोमवारी टेंपो आला. चालक मच्छिंद्र हाका मारायला लागला, "ताई, उचलू का? कात्रजपर्यंत जायचं हाय, ट्रॅफिक लागंल!"

"दोन मिनिटं, दादा," ताई म्हणाली.

उम्मेहानी धावली. मी मनात ओरडलो, थांबू नकोस! तिचे तळवे पाठीवर पडले. सगळा भार आला आणि पुढच्याच क्षणी निघून गेला. पलीकडे गादीवर धप्पकन आवाज झाला. ती चक्क बसकण मारून पडली होती आणि हसत होती.

"आवो, आणखी एकदा होऊ द्या की!" मच्छिंद्र ओरडला. कात्रजचं ट्रॅफिक तो विसरूनच गेला.

दारात उभे असलेले सचिव म्हणाले, "छान. पण हॉलमध्ये ठेवता येणार नाही."

"हॉलमध्ये कोण ठेवतंय?" अमीनभाई म्हणाले. "माझ्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे."

"मग न्या बाबा. भंगारातच देणार होतो."

टेंपो कात्रजला गेलाच नाही. आता सकाळी अमीनभाई माझ्यावर गाद्या उन्हाला टाकतात. म्हणजे मी कपड्यांचाही घोडा झालो! संध्याकाळी त्याच गाद्या खाली येतात आणि चैतालीताईची शिट्टी वाजते. पेठेतल्या, वस्तीतल्या, कुठल्याही मुली येतात. उम्मेहानी लहान मुलींना हात कुठे टेकायचा ते दाखवते.

जे पळत नाही ते टाकाऊ, असं ठरवायची तुम्हाला फार घाई असते. ती सोडा. आणि तुमचंही पाऊल कुठे अडलं असेल, तर या शेडमध्ये या. पण धावत या. मी जागचा हलणार नाही.