कार्डावरचे दोन भाऊ

टकळीने सातव्या रांगेतलं शेवटचं कार्ड खुर्चीवरून उचललं आणि छातीशी धरलेल्या गठ्ठ्यात खुपसलं. ऐंशीच्या ऐंशी कार्डं परत गोळा करायची होती, तीही लोक यायच्या आत.

"एकही राहता कामा नये," दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

तो थोरला. परवा वारला तो त्याचा धाकटा भाऊ. अकरा वाजता त्याची शोकसभा होती, आणि हा शोकसभांचा हॉल टकळीची मावशी चालवायची. शाळेला सुट्टी असली की टकळी मावशीच्या हाताखाली असायची. फॉर्म भर, फोन कर, कार्डं छाप. तिची जीभ आणि हातपाय सारख्याच वेगाने चालत, म्हणून तर नाव टकळी.

कार्डावर छापलं होतं, 'मागे आई आणि दोन भाऊ.' आग लागली होती ती त्या 'दोन'ला.

"वडिलांच्या शेवटच्या निरोपाला जो आला नाही, तो भाऊ नाही," थोरला म्हणाला. "बारा वर्षं झाली. आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. तुला कोणी सांगितलं दोन भाऊ?"

टकळीची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तिथे थोरल्याची आई एकटीच बसली होती. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

काल थोरला गाडी लावायला गेला, तेवढ्या दोन मिनिटांत टकळीने फॉर्मवरून डोकं वर काढून विचारलं होतं, "आजी, आणखी कोणी?" समाजशास्त्राच्या बाई सांगायच्या, नातं गृहीत धरू नका, विचारा. आपण विचारलं याचा टकळीला केवढा अभिमान वाटला होता! आजींनी दाराकडे पाहिलं, आणि मधल्या मुलाचं नाव सांगितलं. मग त्याचा फोन नंबरही सांगितला. तोंडपाठ, एकाही आकड्यावर न अडखळता.

"माझी चूक," टकळी म्हणाली. "घाईघाईत एकाचे दोन झाले."

आजींची बोटं थांबली.

"घाईघाईत? सर्कशीची तिकिटं छापता का इथे?"

"नवी कार्डं लावलीच आहेत मशीनवर, साहेब," मावशी मधे पडली. "पोरगी वटवट्या तोंडाची आहे, पण मनाने..."

"मला तिचं मन नकोय. कार्डं हवीत."

आतल्या खोलीत मशीन एकेक कार्ड बाहेर टाकत होतं. 'एक भाऊ', 'एक भाऊ', 'एक भाऊ'. मावशीने दार लोटून घेतलं.

"आता खरं सांग. तू आकडे चुकणाऱ्यातली नाहीस."

टकळीने एका दमात सगळं सांगून टाकलं. मावशीने मान हलवली, कार्डं नीट केली, आणि मधेच तिचा हात थबकला.

"अगं, आणि फोन? फॉर्मवरच्या प्रत्येकाला आपण वेळ कळवतो."

टकळीने जीभ चावली. कळवलं होतं की! काल संध्याकाळी, यादीतल्या प्रत्येक नावापुढे मोठ्या ऐटीत खूण करत. मधल्याने तिच्याकडून निरोप दोनदा वदवून घेतला होता. मग तो म्हणाला होता, "किती वाजता?"

"अकरा," टकळी आत्ता पुटपुटली.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

"जा, साहेबांना सांग," मावशी म्हणाली. "दारात तमाशा झाला तर या हॉलची पायरी कोणी चढणार नाही."

ताज्या कार्डांचा गरम गठ्ठा घेऊन टकळी दाराशी पोचली, तेव्हा रांग लागली होती. थोरला एकेकाचा हात हातात घेत होता. "आलात, बरं वाटलं. पुढे बसा." पुढचा हात. "आलात, बरं वाटलं. पुढे बसा." डोळे भलतीकडे, कुठेतरी पायऱ्यांच्या पलीकडे. 'भूमिका' हा धडा टकळीने वर्गात उभं राहून समजावला होता. माणूस ज्या जागी उभा असतो, ती जागाच त्याच्याकडून काम करवून घेते. तिने बस कंडक्टरचं उदाहरण दिलं होतं आणि भरपूर टाळ्या घेतल्या होत्या. त्या कंडक्टरला भाऊ नव्हता.

"काका, एक मिनिट."

"नंतर."

"महत्त्वाचं आहे, काका."

"मग बोल लवकर."

तेवढ्यात तिला रांगेतला पाचवा माणूस दिसला. तेच रुंद कपाळ, तेच बाहेर आलेले कान. तिने गर्रकन मागे पाहिलं. आजी खुर्चीत पूर्ण वळल्या होत्या, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून. त्या टकळीकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, जेमतेम. नको.

टकळीने आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य गिळलं.

"काही नाही. कार्डं वाटू का, विचारत होते."

"विचारायचं काय त्यात!"

ती बाजूला झाली, पण पाय हलेनात. तीन माणसं पुढे गेली. मग एक.

"आलात, बरं वाटलं. पुढे..."

हात हातात गेलेला होता. शब्द तिथेच राहिला.

"दादा," मधला म्हणाला. एवढंच.

थोरल्याच्या मानेवरची शीर तटतटली. मागे कोणीतरी खाकरलं. रांग पायरीपर्यंत तुंबली. मावशी आतल्या दारातच थिजली होती.

थोरल्याने मधल्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याने त्याच्या खांद्यावरून मागच्या बाईंकडे पाहिलं, घसा साफ केला आणि डावा हात पुढे केला.

"आलात, बरं वाटलं. पुढे बसा."

त्या आत गेल्या. पुढच्या गृहस्थांनाही डावाच हात. त्याच्या पुढच्यांनाही.

उजवा हात होता तिथेच होता.