कॅनव्हासची पलीकडची कड

बायको गेल्यापासून तिची चित्रांची खोली त्याने उघडलीच नव्हती. आज मेहुणी येऊन हात धुऊन मागे लागली.

"भावोजी, प्रदर्शनवाले दुपारी येतायत. ताईचं शेवटचं चित्र अर्धंच आहे म्हणून सांगू?"

"नको. मी पुरं करतो."

"तुम्ही? खिडकी रंगवायला सांगितली तर काच रंगवाल!"

"इतकी वर्षं धरायला कोण होतं मग?"

ते खरं होतं. बायको ब्रश फारसा वापरायचीच नाही. चौकटीवर ताणलेला मोठा कॅनव्हास जमिनीवर ठेवून ती त्यावर पातळ रंग ओतायची. मग दोघं समोरासमोरच्या कडा धरून तो उचलायचे. रंग कुठे न्यायचा ते ती ठरवायची. हा नुसता तिच्या हाताचा कल ओळखून वरखाली करायचा. मध्ये थोडी कोरी जागा उरली की ती कड खाली घ्यायची. चित्र झालं.

खोलीचं दार उघडून त्याने तिच्या अर्ध्या राहिलेल्या पिवळ्या चित्रावर निळा ओतला, त्यावर काळा. आपली कड उचलली. कॅनव्हास जरा डगमगला आणि पलीकडची कडही वर आली.

तिथे कोणी नव्हतं. त्याची कड हातातून सुटता सुटता राहिली. पण आधी डावा कोपरा उचलायची ही बायकोची सवय त्याच्या हातांना पाठ होती. पलीकडचा कल ओळखून तो आपली कड वरखाली करत गेला. निळा वळला, काळा त्याला बिलगला, मध्ये हातभर पांढरं उरलं. सुरेख जमलं होतं. पलीकडची कड खाली जाऊ लागली.

"थांब ना जरा," तो म्हणाला आणि त्याने आपली कड आणखी वर केली.

पलीकडून एक हिसका बसला. रागावली की ती असाच द्यायची. त्याने दाद दिली नाही. पांढरं बुजलं. निळं, काळं, खालचं जुनं पिवळं, सगळ्याचा चिखल झाला.

मेहुणी दारात आली. "अहो, काय करून ठेवलंत हे! ठेवा खाली."

"ठेवलं की ती जाईल."

"वेड लागलंय तुम्हाला. थांबा, मी धरते तिकडून."

ती पलीकडे गेली, हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"भावोजी, इथे धरायला जागाच नाही."

ती बाहेर पळाली. पलीकडची कड आता थरथरत होती. दमल्यावर बायकोचे हात असेच थरथरायचे. त्याला ते चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने आपली कड खाली घेतली नाही.