भूपेशची गाडी उभीच होती

त्या सकाळी मला खोटं बोलावंसं फार वाटलं. वाटलं कसलं, अगदी जिभेवर आलं होतं. मी वेणू साळवे. अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावर राहते, खिडकीशी मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करते आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. गल्लीत मला बायबलवाल्या मावशी म्हणतात. म्हणजे बघा, खोटं बोलायची सोयच नाही.

माझ्या खिडकीसमोर गोजरबाईची भाजीची हातगाडी असते. बाई बारवी धरणाकडच्या पाड्यातली, तोंडानं फटकळ, मनानं सोनं. तिचा सकाळचा चहा माझ्याकडचा आणि माझ्या घरची कोथिंबीर तिच्याकडची. माझे हे गेले तेव्हा नातेवाईक चार दिवसांत पांगले, पण ही रोज संध्याकाळी गाडी झाकून माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची. काही बोलायची नाही, नुसती बसायची. मला तिच्याशिवाय आहे कोण?

तिची मूळ जागा कोपऱ्यावरची, सपाट. ती भूपेशनं घालवली. हा भूपेश समोरच्या प्लॉटवर इमारत उठवतोय, आणि त्यानं रेतीचा ढीग बरोबर तिच्या जागेवर ओतला. कितीदा सांगितलं! प्रत्येक वेळी हसून म्हणायचा, "उचलतो ना मावशी, आज-उद्या." दिवाळी गेली, होळी गेली, रेती तिथंच. बिचारी गोजरबाई खाली उतारावर सरकली आणि चाकाखाली दगड लावून धंदा करायला लागली.

तर त्या सकाळी तो दगड निसटला.

मी खिडकीतच होते, सुईत दोरा ओवत होते. भरलेली हातगाडी आपोआप घरंगळायला लागली. गोजरबाई "अगं बाय गं" करत मागून धावली, दांडा धरला, पण गाडीनं तिलाच ओढत नेलं. खाली भूपेशची मोठी चारचाकी उभी होती. हातगाडी तिच्या मागच्या बाजूला धाडकन आदळली, गोजरबाई पडली आणि तिचा पाय हातगाडीच्या चाकाखाली आला. भूपेश नुकताच आत बसला होता, त्यानं किल्लीसुद्धा फिरवली नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण बाकीच्यांनी काय पाहिलं? टोमॅटोचा सडा, ओरडणारी म्हातारी आणि गाडीत बसलेला भूपेश. पाच मिनिटांत ही गर्दी! रिक्षावाला राजू सगळ्यात पुढे. "रिव्हर्स मारली ना बे? उतर खाली! खींचो इसको!" भूपेश ओरडत होता, "अरे मी गाडी चालूच नाही केली!" पण त्याचं ऐकतो कोण? गल्लीत ज्याला त्यानं दुखवलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. कोणीतरी त्याची कॉलर धरली, कोणी विटेचा तुकडा उचलला. आणि गोजरबाईनं पडल्या जागेवरून बोट दाखवलं, "यानंच! यानंच उडवली मला!"

मी बाहेर धावले. तेवढ्यात नाक्यावरचा हवालदार आला आणि म्हणाला, "कुणी पाहिलंय का नीट?" राजूनं लगेच माझ्याकडे मान वळवली. "मावशी खिडकीत असतात ना! मावशी, सांगा की!"

गोजरबाई माझ्याकडे बघत होती. देवा रे, ती नजर! नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो आत गेला असता, रेती गेली असती, आणि मला मनातून गारेगार वाटलं असतं, खोटं कशाला सांगू?

पण मागच्याच रविवारी मी मुलांना मोशेचं नियमशास्त्र शिकवलं होतं. गर्दी चुकीच्या वाटेनं निघाली तर तिच्यामागे जाऊ नका. आणि गरीब आहे एवढ्यासाठी न्यायात कुणाची बाजू घेऊ नका. शिकवताना किती सोपं वाटलं होतं!

"गाडी उभीच होती," मी म्हणाले. "हातगाडी आपोआप घरंगळली. याचा धक्का लागलेला नाही."

कॉलरवरचा हात सुटला. विटेचा तुकडा गटारात गेला. राजू माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "क्या मावशी, तुम भी!" भूपेशला घाम फुटला होता. त्यानं सगळ्यांदेखत माझे पाय धरले. "मावशी, तुम्ही देवासारख्या आलात. तुमचा शब्द म्हणजे शब्द!" गोजरबाईला रिक्षात घालताना मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला.

घरी येऊन मी मशीनवर डोकं टेकून रडले. मग चिडले, आणि सरळ देवाशीच भांडले. म्हटलं, प्रभू, जन्मात एकदा गरिबाचं पारडं जड झालं होतं, तेवढंही तुला बघवलं नाही? माझी एकुलती एक मैत्रीण, ती पण नेलीस? आणि हे कायदे तू लिहितोस कोणासाठी, भूपेशसाठी? रागारागानं पुस्तक उघडलं. तोच अध्याय. मी मुलांना जिथवर शिकवलं होतं, त्याच्या जरा खाली बोट गेलं. तिथं म्हटलं होतं की गरिबाचा न्यायही वाकवू नका.

अगं बाई! मी अर्ध्यावरच थांबले होते. गाडी उभी होती हे खरं. पण गोजरबाई उतारावर का उभी होती, हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला आणि गेले. भूपेश साइटवर चार माणसांत चहा पीत होता. मला बघून उठला, खुर्ची दिली. राजूही बाजूला रिक्षा पुसत होता.

"काल मी खरं बोलले ना रे?"

"शंभर टक्के, मावशी!"

"माझा शब्द म्हणजे शब्द ना?"

"अहो, आख्ख्या गल्लीत विचारा!"

"मग उरलेलं ऐक. तिची सपाट जागा तुझ्या रेतीनं खाल्ली म्हणून ती उतारावर गेली. तिचा पाय तुझ्या गाडीनं नाही, तुझ्या रेतीनं मोडला. हवालदारानं सांगितलंय, आणखी काही आठवलं तर या. मला आठवलंय. निघालेच आहे."

त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मला खोटी म्हणायचं तर कालचंही खोटं ठरणार! राजू फिसकन हसला. "अब बोलो, शेठ." भूपेशनं माणसं लावली आणि दुपारपर्यंत कोपरा झाडून मोकळा होता.

मी तशीच हॉस्पिटलात धावले. गोजरबाई प्लास्टर घालून भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"कोपरा मोकळा झाला," मी म्हणाले. "खडासुद्धा नाही."

ती हळूहळू वळली. "खरंच?"

"मी झाडायला लावला."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "रात्रभर झोप नाय आली बघ. पायानं नाय. तो पोरगा डोळ्यासमोर येत व्हता. मी खोटं बोलले आनि लोक त्याला ठेचनार व्हते. तू बोललीस तवा तुझा राग आला, आनि बरं पन वाटलं."

"रुसली नाहीस ना?" मी रडतच विचारलं.

"रुसू कशाला? बस इथं." तिनं माझा हात ओढून मला खाटेवर बसवलं. "अगं, त्याला मार बसला असता तर मला जन्मभर त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली असती. आता कशाला घालू? आता हक्कानं शिव्या देईन मेल्याला!"

आणि तिनं तिथंच, खाटेवरूनच, सुरुवात केली. रेतीपासून सुरू झाली ती भूपेशच्या आजोबांपर्यंत गेली. नर्स धावत आली. मी रविवारच्या शाळेची बाई, मी तिला गप्प करायला हवं होतं. मी पोट धरून हसत होते.