अर्धा फेरा उजेडाचा

करडीचं तेल सुटायला लागलं की आधी वास येतो, मग लाकडाचं कण्हणं जड होतं, आन् त्या कण्हण्यावर तिचा आवाज बसलेला असायचा, म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तसा, हलका, कुठं जायची घाई नसलेला. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, परत जवळ यायचा. कारण ती घाण्याच्या फळीवर बसून वाचायची आन् बैल तिला गोल फिरवायचा.

मी लातूरजवळच्या मुरुडचा तेली. निजामाच्या राज्याची शेवटची सालं चालू व्हती. आमचं घाण्याचं घर म्हणजे एक दाराची काळोखी खोली, दार उगवतीकडं. सकाळचा उजेड आत यायचा तो अर्ध्या खोलीपुरता. उरलेली अर्धी तेलकट अंधारात. बैलाच्या डोळ्यावर झापड, त्याला दोन्ही सारखंच. बैलामागच्या आडव्या फळीवर वजनाला दगड ठेवायची रीत हाय. लगीन झाल्यावर मी दोन्ही दगड उतरवले आन् तिथं बायकोला बसवलं. गाव म्हणायचं, "तेल्यानं दोन दगडांची जागा एका बाईला दिली." मी म्हणायचो, "तिसरा दगड मीच हाय, पण मी बसलो की बैल रडतो."

अनसूया तिचं नाव. ती बार्शीची. बार्शी म्हणजे नाक्यापलीकडं, इंग्रजी मुलखात, दीड दिसाची गाडीवाट. तिकडं पोरींना मराठी शाळा व्हती, ती चार बुकं शिकलेली. आमच्याकडं मदरशात सारं उर्दूत चालायचं, आन् मी तिथंबी दोनच दिस टिकलो. तिसऱ्या दिशी मास्तरांनी माझ्या बापाला सांगितलं, ह्याला घाण्यालाच जुंपा, बैलाला सोबत होईल. बापानं मास्तरांचं ऐकलं. बैलाला कोणी विचारलं न्हाई.

ती नांदायला आली तवा पेटीत दोन लुगडी, एक फणी आन् एक कादंबरी व्हती. मिसरूड फुटायच्या वयातल्या पोरापोरींनी वाचावी म्हणून कोणी लिहिलेली. एका कोळ्याच्या पोरीची गोष्ट. बापाची होडी समुद्रावरून परत येत न्हाई, पोरगी वाळूत बसून बसून दमती आन् मग स्वतःच होडी घेऊन निघती. समुद्र मी पाहिलेला न्हाई, तिनंबी न्हवता पाहिला. आमच्या तांबूस धुळीच्या मुलखात, जिथं पाण्यापेक्षा तेल जास्त निघतं, तिथं बसून आम्ही दोघं त्या पोरीबरोबर भिजत व्हतो.

वाचायची तिची रीत त्या खोलीनंच लावून दिली व्हती. दाराकडचा अर्धा फेरा उजेडाचा. तेवढ्यात ती वाचून घ्यायची, एका दमात, झरा आटायच्या आत घागर भरावी तशी. फळी अंधारात शिरली की अक्षर बुडायचं. मग ती पानात बोट घालून पुस्तक मिटायची, पोटाशी धरायची, आन् उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात वाचलेल्यातला एखादा नवा शब्द काढून मला त्याचा अर्थ सांगायची. म्हणून माझ्यासाठी गोष्ट कायम उजेडात घडली आन् अर्थ कायम अंधारातून आला.

"क्षितिज," ती एकदा अंधारातून म्हणली. "आभाळ जमिनीला टेकल्यासारखं दिसतं ना, ते. आपण चालत गेलो की ते आणखी लांब जातं."

"म्हणजे आपला तहसीलदार," मी म्हणलो.

फळी उजेडात आली तवा तिचं तोंड पदरात व्हतं आन् खांदे हलत व्हते. त्या फेऱ्यात वाचन झालं न्हाई.

तिचा एक कायदा व्हता. मिळालेला शब्द दिस मावळायच्या आत तीन माणसांशी बोलताना वापरायचा, न्हाईतर उद्या नवा शब्द न्हाई. माझी दुकानदारी त्यामुळं बघण्यासारखी झाली. एक मावशी बुधला घेऊन आली, तिला म्हणलं, "मावशे, आज तेल अथांग हाय." ती म्हणली, "असू दे बाबा अथांग, माझ्या बुधल्यात बसंल तेवढंच घाल." बैल खाली बसला तवा मी चार माणसांत सांगितलं की बैल विषण्ण झालाय. एक जण म्हणला, "पेंड चार, विषण्ण उतरंल." गावात माझं हसू व्हायचं, आन् घरी जाऊन मी ते हसू तिला जसंच्या तसं आणून द्यायचो, बाजारातून जिलबी आणावी तसं. मला शब्दांची गोडी न्हवती. मला ती हसायची त्याची गोडी व्हती.

तरीबी शब्द आत उतरत गेले. आमच्या तोंडात इंतजार, तकलीफ, जिंदगी; तिच्या पुस्तकात प्रतीक्षा, यातना, आयुष्य. मला वाटायचं, दुःख तेच हाय, फक्त धुतलेलं धोतर नेसून आलंय. पण ती 'प्रतीक्षा' म्हणायची तवा वाळूत बसलेली ती पोरगी मला खरंच दिसायची, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, आन् तिचं तोंड अनसूयासारखं असायचं.

थंडीत उजेड कोवळा असायचा आन् लांबवर आत यायचा. तिला दहा दहा ओळी मिळायच्या, नाकातली मोरणी प्रत्येक फेऱ्याला एकदा चमकून जायची. उन्हाळ्यात तोच उजेड दाराशीच थबकायचा, चार ओळींत फळी अंधारात. तवा गोष्ट हळू चालायची आन् अर्थ लांबायचे. एखादा शब्द तिला फार आवडला तर एक अख्खा फेरा ती काही बोलायचीच न्हाई. तो फेरा बैलाचा, लाकडाचा आन् त्या शब्दाचा. पानांच्या कडांवर तिच्या बोटांचे तेलाचे डाग पडले व्हते, आन् डागातून पलीकडच्या पानावरची अक्षरं पुसट दिसायची, पाण्याखाली मासळी दिसावी तशी.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. मी बैलाला सांगितलं, वजन वाढलंय, तेल जादा निघंल. पाचव्या महिन्यात ती फळीवरून उतरली आन् दारात उभी राहून वाचायला लागली. तवा तिनं मला पहिल्यांदा वाचायला शिका म्हणून धरलं.

"मी माहेरी गेल्यावर पत्र टाकीन, तुमच्या बोलीत खत," ती म्हणली. "ते डाकवाल्यानं वाचून दाखवायचं का? साऱ्या मुरुडानं ऐकायचं का, मी माझ्या माणसाला काय लिवते ते?"

"ऐकू दे. मुरुडाची करमणूक होईल."

"थट्टा नका करू. तुम्हाला वाचता आलं पाहिजे. माझं मला तुमच्याशीच बोलायचंय."

ती पेंडीचा भुगा परातीत पसरायची आन् बोटानं अक्षर काढायची. मी बघायचो. अक्षराकडं न्हाई, बोटाकडं. अ काय, क काय, मला सगळे खुरांचे ठसे दिसायचे, जनावर कुठं गेलं ते कळायचं न्हाई. पण कान माझा पक्का. पुस्तक तिनं तीन वेळा फिरवून वाचलेलं, पहिली वीस-बावीस पानं मला बैलाच्या चालीवर पाठ झाली व्हती. मग मी एक शक्कल काढली. पुस्तक हातात धरलं, बोट ओळीवर ठेवलं आन् धडाधडा म्हणत सुटलो. पुस्तक उलटं न्हवतं धरलं, तेवढी अक्कल व्हती. पहिल्या पानावर होडीचं चित्र व्हतं. होडी पाण्यावर आली की पुस्तक सरळ.

तिला घ्यायला तिचा भाऊ आला, त्याच्यासमोरबी मी पान वाचून दाखवलं. मेव्हणा म्हणला, "दाजी, तुम्ही तर मास्तर झाला की." मी छाती काढली. तिनं माझ्याकडं बघितलं, लई वेळ, डोळ्याची पापणी न हलवता. ह्या बघण्याला पुस्तकात 'अनिमिष' म्हणतात. ती खूश झाली का तिनं वळखलं, हे मला आजवर कळलेलं न्हाई. गाडी नाक्याच्या वाटंला लागली. पुस्तक ती माझ्यासाठी ठेवून गेली.

खत आलं ते आठवड्याच्या बाजारादिशी. दुकानापुढं सात-आठ माणसं. डाकवाला म्हणला, "वाचून देऊ का?"

"त्याला येतं की आता," कोणीतरी म्हणलं. "वाच रे, आम्हीबी ऐकतो."

आता सांगायचं व्हतं, मला येत न्हाई. एवढी तीन शब्दांची गोष्ट. पण समोर माणसं हसायच्या तयारीत उभी, आन् हसायला तयार माणसं दिसली की माझी जीभ माझी राहत न्हाई. मी खत उघडलं, घसा साफ केला आन् वाचलं, "सर्वांस दंडवत. इकडं क्षेम हाय. आईच्या हातचं लोणचं आंबट झालंय, तुमची याद आली. बैलाला माझा नमस्कार सांगा, तुम्हाला नंतर." माणसं पोट धरून हसली. एक जण म्हणला, "बाई शिकलेली दिसती." मी खताची घडी करून कोपरीच्या खिशात ठेवली. ठरवलं व्हतं, लातूरला जाईन तवा अनोळखी माणसाकडून गुपचूप वाचून घेईन. करडीचे दिस, काम लई. आज उद्या करत राहिलो.

दहाव्या दिशी मेव्हणा आला. गाडी न्हवती, चालत आला व्हता. मी घाणा थांबवला. तो दारात उभा राहिला, सारा उजेड अडवून.

"अनसूया गेली," तो म्हणला. "पोरगं बी. परवा पहाटं."

मी बैलाच्या मानेवरचं जू उतरवायला लागलो.

"खत मिळालं न्हवतं का, दाजी?"

"मिळालं."

"वाचलं न्हाई?"

इथंबी सांगता येत व्हतं. त्याच्याशिवाय तिथं कोणी न्हवतं, हसणारं कोणी न्हवतं. पण इतके दिस वाचणारा म्हणून मिरवलेला माणूस तोंड उघडून 'येत न्हाई' म्हणायला तयार होईना.

"वाचलं," मी म्हणलो.

तो म्हणला, "बरं," आन् उलट पावली गेला. पाणीबी प्यायला न्हाई. त्या घरानं माझ्याशी नातं तोडलं, ते बरोबरच व्हतं. त्यांच्या लेखी मी खत वाचून घरी बसलेला माणूस.

पुढं ते खत मी कोणाला दाखवलं न्हाई. वाचून घ्यायची हिंमत व्हती, वाचून घेताना दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची न्हवती. मग मी कादंबरी काढली. पानं तोंडपाठ व्हतीच. फळीवर पुन्हा दगड ठेवले, दारात उजेडाला बसलो, आन् पाठ असलेल्या एकेका शब्दाखाली बोट ठेवून बघायला लागलो, कोणता आवाज कोणत्या आकारात राहतो ते. समुद्र म्हणलं की बोटाखाली समुद्र, होडी म्हणलं की होडी. बोट मागं राहायचं, तोंड पुढं पळायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं लागली. मास्तरांचं म्हणणं खरं व्हतं, बैल लवकर शिकला असता. पाठ असलेली पानं संपली आन् पुढचं पान, कधी पाठ न झालेलं, माझं मला लागलं, त्या सकाळी मी हात धुऊन खत उघडलं.

हरभऱ्याएवढी मोठाली अक्षरं, एकमेकांपासून लांब लांब मांडलेली, कुठं जोडाक्षर न्हाई, नवख्या माणसाला अडखळायला होऊ नये म्हणून कोणी जपून लिहावं तशी. पाच ओळी.

पाय सुजले. दाई घाबरली. गाडी घेऊन या, इथली मोडली, लातूरला दवाखाना गाठू. उशीर नको. वाट बघते.

प्रतीक्षा, आतुरता, आस, एवढे सगळे शब्द तिनं मला अंधारातून आणून दिले, आन् तिच्यावर वेळ आली तवा तिनं त्यातला एकबी वापरला न्हाई. मला जमंल तेवढंच लिहिलं. लोक म्हणतात, माणूस गेलं की काळ त्याच्यावरून वाहून जातो. माझ्याकडं तसं झालं न्हाई. उशिरा वाचलेलं खत त्या दिशीच येतं. मी ते वाचलं त्या सकाळपासून ती बार्शीला वाट बघत राहिली हाय, आन् मी इथं, दीड दिसाच्या अंतरावर, म्हातारा होऊन राहिलो.